किल्लीला चिकटलेली अर्धी अक्षता

माझ्या नावापुढे बी.एस्सी. ही अक्षरं लागली, याबद्दल मी बऱ्याच जणांचा ऋणी आहे. पण पहिलं नाव घ्यायचं ते झिपरूनानांचं. झिपरू मिस्तरी. नंदुरबारला मिरचीच्या बाजाराकडे वळायच्या आधी एक मोठा निंब होता, त्याच्या सावलीत त्यांचं गॅरेज. नाना कधी शाळेत गेले नव्हते. कागदावर अंगठा उठवायचे. आपला अंगठा मुळातच इतका काळा आहे की शाईची गरज पडत नाही, असं तेच हसत सांगायचे.

अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलं. पुढे मी मोटारींच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तीसहून अधिक वर्षं काढली, फोरमन होऊन निवृत्त झालो. ती सगळी वर्षं डोळ्यांपुढून नेली, तरी ज्या कामाची आठवण आली की अजून मी खुर्चीत सरसावून बसतो, ते नोकरी लागण्याच्या आधीचं आहे. मोटारीच्या किल्लीच्या भोकातलं. जेमतेम बोटभर जागेतलं.

आमचं गाव रनाळे. वडील बैलगाडी हाकायचे, मिरचीची पोती नंदुरबारला आणायचे. मी नववीत असताना एकदा गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली, म्हणून आम्ही नानांच्या दारात थांबलो. त्यांनी मोटारीचं काम सोडून आधी आमचं चाक घेतलं. मी तोवर निंबाखाली पडलेला एक डबा हातात घेऊन त्यावरची इंग्रजी अक्षरं लावत बसलो होतो. नानांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय रे, हाई डबावर काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं. ते गिअरचं तेल होतं आणि नाना महिनाभर ते इंजिनसाठी वापरायच्या बेतात होते. ते वडिलांकडे वळून म्हणाले, "भाऊ, हाऊ पोऱ्या माले दे. मन्हाकडे हात शेत, डोया नही. हाऊ मन्हा डोया व्हई."

डोया म्हणजे डोळे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत मी त्यांचे डोळे झालो, मॅट्रिक होईपर्यंत आणि नंतर धुळ्याच्या कॉलेजात गेलो तरीही. पुस्तिका वाचायच्या, त्यातलं इंग्रजी अहिराणीत सांगायचं, आणि त्याच्या बदल्यात नाना मला हात शिकवायचे. मला ते मास्तर म्हणत. सुरुवातीला थट्टेने, पुढे सवयीने.

आता किल्लीबद्दल. ज्यांनी मोटारीचं कुलूप कधी उघडून पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. त्या भोकाच्या आत एक पितळी नळकांडं असतं. त्यात अगदी पातळ पितळी पत्ते ओळीने उभे असतात, प्रत्येकाच्या बुडाशी केसासारखी स्प्रिंग. किल्लीला जे दाते असतात ते या पत्त्यांना वर-खाली करतात. सगळे पत्ते नळकांड्याच्या कडेशी बरोबर एका रेषेत आले की नळकांडं फिरतं. एक पत्ता जरी वर अडकून राहिला, तरी किल्ली फिरतही नाही आणि बाहेरही येत नाही. माणूस तिथेच चूक करतो. जोर लावतो.

लोणखेड्याच्या एका बागायतदाराने घाईत जीपमध्ये घरच्या कपाटाची किल्ली कोंबली होती. तिचे दाते वेगळे, पत्ते भलतीकडेच जाऊन बसले. त्याने पकड लावून पिळली, तर किल्ली वाकली. दोन बैलांनी जीप ओढत आणली तेव्हा त्याची बायकोही जीपमध्ये बसून आली होती, कारण तिच्या भाचीचं लग्न दुपारी होतं आणि कपाट बंद. आम्ही काम करत होतो तेवढा वेळ ती नवऱ्याकडे न बघता निंबाच्या झाडाला सांगत होती, "लगीन लागी जाई, तरी मन्ही साडी कपाटमाच ऱ्हाई."

त्या दिवशी नानांनी मला पहिला धडा दिला. मी किल्ली धरून मागे ओढायला लागलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "मास्तर, किल्ली अडकनी म्हणजे ती काहीतरी सांगी ऱ्हायनी. ओढू नको. पहिले आइकी ले."

ऐकायचं म्हणजे खरोखर ऐकायचं. किल्ली ओढायची नाही, उलट किंचित आत ढकलायची, म्हणजे पत्त्यांवरचा ताण सुटतो. मग दोन बोटांनी अगदी हलकेच डावीकडे-उजवीकडे. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कुलपाच्या तोंडावर टिचक्या मारायच्या. एकेक पत्ता खाली बसताना बारीकशी कट्ट वाजते. नाना ती मोजायचे. पाच वेळा वाजलं की म्हणायचे, आता ये बाई. आणि किल्ली यायची. बागायतदारीण साडीसाठी वेळेवर पोचली. तिच्या किल्लीचा वाक नानांनी ऐरणीवर हलक्या हाताने काढून दिला होता.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मार्च महिना. गावाबाहेर मैलभर मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या, वारा सुटला की नंदुरबार अख्खं शिंकायचं. परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत मी गॅरेजच्या मागच्या खोलीत वाचत बसलो होतो. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी दुपारी बारा वाजता धुळ्याला. ती चुकली तर पूर्ण वर्ष गेलं, आणि माझ्या घरात दुसरं वर्ष नव्हतं. वडिलांचा एक बैल म्हातारा झाला होता. मी जूनपासून कमवायला लागायचं, हे ठरलेलं होतं.

मी सकाळी सहाची एस.टी. धरणार होतो. नानांना ते पटेना. वर्षापूर्वी ती वाटेत बंद पडून मी दोन तास उशिरा पोचलो होतो. नेमकं त्याच सोमवारी मिरचीचे व्यापारी चंपालाल शेठ आपली नवी गाडी घेऊन धुळ्याला निघणार होते. गाडी आठवड्यापूर्वी मुंबईहून आली होती, पिस्त्याच्या रंगाची. पण शेठजींनी मुहूर्ताशिवाय तिला हलवायचं नाही असं ठरवून ती नानांच्या निंबाखाली उभी केली होती. पहिली फेरी सोमवारी, साडेआठच्या आत. नानांनी जाऊन माझ्यासाठी जागा मागितली. शेठजी नानांकडूनच जुन्या जीपवर गाडी चालवायला शिकले होते, त्यामुळे नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

गाडी हलवायची नव्हती, तरी शेठजी तिला भेटायला दिवसातून दहादा यायचे. दार उघडून बसायचे, कोटाच्या खिशातून किल्ली काढायचे, लावायचे, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की समाधानाने तो विझवून परत जायचे. आता हा कोटाचा खिसा लक्षात ठेवा. मिरचीच्या बाजारात व्यापारी ढिगातून दोन-चार मिरच्या उचलतो, चोळून रंग बघतो आणि नमुना म्हणून खिशात टाकतो. शेठजींच्या उजव्या खिशात किल्ली आणि नमुने एकत्रच नांदत होते.

शनिवारी नाना खोलीच्या दाराशी आले. "मास्तर, नवी गाडीनं पुस्तक शे. वाची दाखाडशी का?"

मी मान वर न करता म्हणालो, परीक्षा झाल्यावर वाचू, नाना.

"बरं, बरं. तुन्हं पुस्तक मोठं," म्हणून ते गेले.

सोमवारी मी पांढरा सदरा घालून सात वाजताच तयार. सहाची एस.टी. निघून गेलेली, पुढची दुपारी. नानांची बायको, आम्ही तिला नानी म्हणायचो, हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. तिने गाडीला कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, मला ओवाळलं आणि मग शेठजींच्या हातातली किल्ली घेऊन तिलाही ओलं कुंकू लावून वर अक्षता टाकल्या. शेठजींनी हात जोडले, आत बसले आणि किल्ली लावली.

किल्ली आत गेली. फिरेना. लाल दिवा नाही. शेठजींनी बाहेर ओढली, तर येईना.

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. शेठजींनी खिशातलं घड्याळ काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, आणि ते मला आत बसूनही ऐकू येत होतं.

नाना पुढे झाले. त्यांनी ढकललं, हलवलं, टिचक्या मारल्या. एकही पत्ता वाजला नाही. सगळं आत चिखलात रुतल्यासारखं. मग ते म्हणाले, दोन वायरी बाहेरून जोडतो, गाडी लगेच सुरू होते, धुळ्याहून आल्यावर कुलूप बघू. हा अगदी सरळ उपाय होता. कुठल्याही मिस्तरीने तोच केला असता. पण शेठजींनी मान हलवली.

"मिस्तरी, तशी गाडी चोर चालू करतस. मन्ही पहिली फेरी मी चोरना मायक करावू नही."

साडेआठनंतर आज निघायचंच नाही, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांचे हात काहीच करत नव्हते, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. किल्लीच्या कडेला बोट फिरवून नाकाशी नेलं. तेल. बोटावर लालसर लगदा. तेल, मिरचीची पूड आणि कुंकू मिळून खळ झाली होती. कुलपात तेल गेलं की ते धूळ धरून ठेवतं, पत्ते एकमेकांना चिकटतात, हे मला दिसत होतं, आणि घड्याळ वाजत होतं. मी मागे न बघता, सगळ्यांदेखत बोललो. तेही अहिराणीत नाही, कॉलेजातल्या मराठीत.

"यात तेल कोणी घातलं? ज्याला कुलूप म्हणजे काय ते कळत नाही, त्यानेच घातलं असणार."

नाना म्हणाले, "मीच घालं, मास्तर. किल्ली खरखर करे, म्हणीसन घालं."

शेठजी हसले. "आते मिस्तरीले बी शाळामा घालनं पडी."

मला थांबायला वेळ नव्हता. तेव्हा मला असंच वाटत होतं. मी बॅटरीची तार सोडली, कारण पेट्रोल वापरायचं होतं आणि ठिणगी नको होती. नानीच्या डोळ्यांत औषध घालायची काचेची नळी मागवली, त्या नळीने थेंब थेंब पेट्रोल किल्लीच्या दोन्ही अंगांनी सोडलं. तांबडं पाणी वाहायला लागलं. पुन्हा सोडलं. किल्ली आत ढकलली, हलवली, कान जवळ नेला. काही नाही. पुन्हा पेट्रोल. सव्वाआठ. आणि मग, कट्ट. एक पत्ता बसला. दुसरा. तिसरा बराच वेळ अडला. चौथा, पाचवा पाठोपाठ. मी ओढली नाही, नुसती धरून ठेवली आणि ती आपण होऊन सैल झाली.

बाहेर आलेल्या किल्लीच्या खाचेत एक अर्धी अक्षता चिकटली होती, लालभडक. अक्षता म्हणजे न तुटलेली. आत जाऊन ती तुटली होती. नानीने ती पाहिली, पदर तोंडाशी धरला आणि घरात गेली. मी ती अर्धी अक्षता काढून कुठेतरी ठेवली आणि पुढच्या कामाला लागलो.

उरलेलं अर्धं आत होतं. सायकलच्या आऱ्याचं टोक घासून वाकवलं, त्याने ते कण कण करून उकरलं. मग सायकलचा पंप लावून जोराने हवा मारली. आतली मिरची बाहेर उडाली. शेठजी, मी, बघायला जमलेले पाच-सहा हमाल, सगळे एका सुरात शिंकायला लागलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि घड्याळात आठ पंचवीस. मी खिशातली पेन्सिल काढली. परीक्षेत आलेख काढायला घेतलेली, मऊ शिशाची. शिसं म्हणतात ते खरं ग्राफाइट असतं, त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ते कोरडं असल्यामुळे धूळ धरत नाही. एवढं मी कॉलेजात शिकलो होतो, वापरलं मात्र कधी नव्हतं. मी किल्ली दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने काळी केली, आत घातली, काढली, पुन्हा काळी केली, पुन्हा घातली. बॅटरीची तार जोडली. किल्ली फिरवली.

लाल दिवा लागला. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मी शेठजींना जागा करून दिली, त्यांनी स्टार्टर ओढला आणि गाडी सुरू झाली. नाना खिडकीशी आले. माझी पिशवी त्यांनी आत दिली.

"जाय आते. टाइम व्हई ऱ्हायना," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडलो नाही. उतरायला वेळ नव्हता, ही सबब मी तेव्हा स्वतःला दिली. अजूनही ती मला पुरत नाही.

दोंडाईचा येईपर्यंत मी नुसता आनंदात होतो. आपण काय केलं हे मनात पुन्हा पुन्हा घोळवत होतो. मग रुमाल शोधायला डॅशबोर्डचा खण उघडला, तर आत गाडीची पुस्तिका. नाना शनिवारी घेऊन आले होते तीच, त्यांच्या अंगठ्याचा डाग कव्हरवर होता. मी चाळायला लागलो. एकतिसाव्या पानावर चौकटीत छापलं होतं: किल्लीच्या कुलपात तेल घालू नये, फक्त ग्राफाइटची भुकटी वापरावी.

शेठजींनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हणालो, पेट्रोल किती लागतं ते. आणि पुस्तिका मिटली.

परीक्षेला पोचलो. पुढे पासही झालो, नोकरीही लागली. पण मी सांगतो आहे ती गोष्ट त्या संध्याकाळची आहे, जेव्हा वसतिगृहाच्या खोलीत बसून मी नानांना पत्र लिहिलं. नानांकडे आलेलं पत्र पोस्टमन निंबाखाली उभा राहून मोठ्याने वाचतो, आणि अर्धा बाजार ते ऐकतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेठजीही तिथेच असणार. म्हणूनच सगळं लिहिलं. आणि मराठीत लिहायला घेतलेला कागद फाडून अहिराणीत लिहिलं. तोपर्यंत त्या भाषेत मी एक ओळ कधी लिहिली नव्हती. शाळेत ती बोललो तरी छडी मिळायची.

पोस्टमनने ते तीनदा वाचलं म्हणे, तिसऱ्यांदा शेठजींच्या सांगण्यावरून. त्यानंतर नानांच्या कानावर कायम एक पेन्सिल असायची. नवी गिऱ्हाइकं त्यांना शिकलेले समजून पत्ता लिहून द्या म्हणायची. नाना गेले तेव्हा नानीने मला एक पत्र्याची डबी दिली. आत पेन्सिलींचे तुकडे होते आणि घडीवर काळे अंगठे उमटलेलं ते पत्र. जसं आहे तसं देतो; बठं म्हणजे सगळं, उनी म्हणजे आली, ठी लिन्ही म्हणजे ठेवून घेतली, एवढं फक्त सांगून ठेवतो.

*

धुळे, सोमवार

तीर्थस्वरूप झिपरूनाना आनी नानी यासले मन्हा दंडवत.

पोस्टमनभाऊ, जोरमा वाचजो.

नाना, मी टाइमवर पोहोचनू. बारा वाजाले पंधरा मिनिटं बाकी व्हतात. परीक्षा चांगली गयी. हातले पेट्रोलना वास येत व्हता, म्हणीसन परीक्षक साहेबनी माले दोनदाव हात धोवाले धाडं.

आते खरी गोष्ट सांगस. गाडीमा माले ते पुस्तक सापडनं. त्यामा लिखेल शे की कुलूपमा तेल टाकानं नही, पेन्सिलनी भुकटी टाकानी. तुम्ही ते पुस्तक शनिवारले मन्हाकडे लई उनतात. मी वाचं नही. तुम्ही तेल टाकं ते मी वाचं नही म्हणीसन. चूक तुमनी नही, नानीनी नही. मी तुमना डोया व्हतू आनी डोयाच मिटेल व्हतात.

आनी तरी मी सकायले बठासना समोर तुमले बोलनू. आपली भाषामा बोलाले माले लाज वाटती, म्हणीसन शाळानी भाषामा बोलनू. शेठजी हसनात ते तुमले नही, मालेच हसाले पाहिजे व्हतं. शेठजी आठे व्हतीन, तं त्यासनी बी हाई आइकी लेवानं.

कुलूप उघाडाले मी काय कयं? ढकलं, हालाडं, कान लायी आइकं. ते बठं तुमनं शे. मन्ही फक्त पेन्सिल व्हती.

नानीले सांगा, अक्षता वाया गयी नही. अर्धी मन्हा खिसामा पेन्सिलना संगे उनी. परीक्षामा मन्हापाशीच व्हती. मी ती ठी लिन्ही.

मी येसू तवय पहिले तुमना पाया पडसू, मंग ते पान तुमले वाची दाखाडसू. तवलोंग कोनाच कुलूपमा तेल नका टाकज्यात.

तुमना डोया